गायरान पावसाळ्यात बंद ठेवायचं की मेंढ्यांना सोडायचं?

माळकरी: गायरान ४० हेक्टर, वरचा उतार मुरमाड. पवन्या (चाऱ्याचं चांगलं गवत) जवळपास संपलाय, कुसळी (टोकदार कुसळांचं गवत) आणि तरवड (झुडूप) माजलाय. गावात ६० गुरं, ३०० मेंढ्या. एक गट म्हणतो तीन वर्षं चराईबंदी, दुसरा म्हणतो चर खणून झाडं लावा. मेंढपाळ विचारतात, पावसाळ्यात जायचं कुठं?

गवतपारखी: आधी गवत मोजा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला न चरलेल्या जागी एक चौरस मीटरची चौकट १५-२० ठिकाणी टाका (दाट जागा हेरून नको, सगळे तेच करतात), कापा, वाळवा, तोला. सरासरी १५० ग्रॅम भरलं तर हेक्टरी दीड टन, एकूण ६० टन. निम्मं ठोंबांना आणि मातीला सोडायचं. उरले ३०. मेंढीला रोज साधारण किलोभर सुका चारा लागतो, गाईला ७ किलो. म्हणजे दिवसाला ७२० किलो. ४१ दिवसांत खेळ खलास!

मेंढवाट: सरसकट बंदी टिकत नाही. कळप दिवाळीनंतर कोकणात उतरतात, पावसाळ्यात देशावर असतात, आणि गवताला विसावा नेमका तेव्हाच हवा असतो. नवे फुटवे मुळांतल्या साठ्यावर वाढतात. पहिले सहा आठवडे तेच खुडले गेले की पवन्या मरतो, कुसळी उरते. तेवढे दिवस मेंढ्या रब्बीच्या पडीक रानात बसवा, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं. मग गायरानाचे चार तुकडे करा. एक तुकडा वर्षभर बंद, बाकीचे आळीपाळीनं. तारीख बघून कळप हलवू नका. गवत चार बोटं उरलं की हलवा. बंद तुकडा दरवर्षी बदला. मिठाची वीट पाण्यापासून लांब ठेवा, नाहीतर सगळी जनावरं पाणवठ्याभोवतीच माती तुडवतात.

हिवर: झाडांबाबत माझा विरोध. उभ्या गवतात चर म्हणजे धरून ठेवलेली माती आपणच उकरणं. दाट सावलीत पवन्या टिकत नाही, काळवीट आणि तणमोर पक्षी मोकळा माळ सोडतात. घळीला दगडी बांध घाला. बोर, बाभूळ ओढ्याकाठीच लावा. तरवड मात्र मुळासकट उपटा, जनावरं त्याला तोंड लावत नाहीत.

माळकरी: बंद तुकड्यातलं गवत कापायचं कधी?

गवतपारखी: फुलोऱ्यात, जमिनीपासून चार बोटं ठेवून. उशीर झाला तर कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत आणि तोंडात रुततात, चाऱ्यातला कसही जातो. पवन्याचे पट्टे मात्र बी झडेपर्यंत उभे ठेवा.