केनियात फुटबॉल कोच म्हणून व्हॉलंटिअरिंग : एजन्सीला पैसे भरून जावं का?

पेठेतला_लेफ्टबॅक

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, वय २५. लहानपणापासून तालमीकडनं, म्हणजे पेठेतल्या क्लबकडनं, फुटबॉल खेळतोय, शाहू स्टेडियमवर सीनियर टीमकडून पण उतरलोय पण गुडघा गेला आणि आता खेळणं जवळपास बंदच आहे, म्हणून सकाळी पोरांना शिकवतो, अंडर १० आणि अंडर १३. एआयएफएफचं (भारतीय फुटबॉल महासंघ) कोचिंगचं डी लायसन्स झालंय, सी करायचं डोक्यात आहे.

तर विषय असा की इन्स्टावर एका एजन्सीची जाहिरात बघितली, केनियात १२ आठवडे वस्तीतल्या पोरांना फुटबॉल शिकवायचं, आधी नैरोबी मग किसुमू, राहणं-जेवण त्यांच्याकडं, शेवटी सर्टिफिकेट. फी सव्वादोन लाख आणि विमानाचं तिकीट आपलं आपण. फोन केला तर ताई एकदम गोड बोलल्या, म्हणाल्या व्हिसाचं काही टेन्शन नाही, ऑनलाइन टुरिस्टचं काढा आणि या.

घरात सांगितलं तर वडील म्हणाले पगार नाही तो नाहीच वर आपणच पैसे द्यायचे, डोकं फिरलंय का तुझं. मला मात्र लई मनापासून जायचंय. इथं तेच ग्राउंड, तीच पेठापेठांची ईर्षा, जरा बाहेरचं फुटबॉल बघावं वाटतंय. कुणी असं गेलंय का? एवढी फी असते का खरंच? आणि स्वाहिली येत नाही, इंग्लिश कामचलाऊ आहे, त्याचं काय?

वेस्टलँड्सकर

भावा मी नैरोबीतच असतो, नोकरीनिमित्त बरीच वर्षं झाली. शनिवारी ऑफिसातल्या दोघातिघांबरोबर एका छोट्या क्लबला हातभार लावतो, कोच म्हणून नाही, हिशोब आणि स्पॉन्सर बघायला. त्यामुळं जे बघितलंय ते सांगतो.

पहिलं व्हिसाचं. जानेवारी २०२४ पासून केनियानं व्हिसा बंद करून ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, सुरू केलंय, ते फिरायला वगैरे ठीक आहे. पण बिनपगारी काम हे पण इथं कामच धरतात. थोड्या दिवसांसाठी स्पेशल पास असतो, जास्त राहायचं असेल तर धर्मादाय कामाचं क्लास आय परमिट, आणि त्याचा अर्ज इथली यजमान संस्था करते. आता जी एजन्सी म्हणते टुरिस्टवर या, तिला हे माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही. पकडला गेलास तर इमिग्रेशनच्या खुर्चीवर तू बसणार, त्या गोड बोलणाऱ्या ताई नाही. त्यांना एकच विचार, स्पेशल पास कोणती संस्था काढणार आणि तिचं रजिस्ट्रेशन दाखवा. पुढचं बोलणं त्यानंतर.

दुसरं, आणि हे जरा लांबतंय. तुझ्या डोक्यात असं असेल की तिकडं पोरं आहेत, बॉल आहे, फक्त शिकवणारा नाही. तसं अजिबात नाहीये. मथारे नावाची इथली मोठी वस्ती आहे, तिथं १९८७ पासून मथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन आहे, सगळे मायसा म्हणतात. त्यांची पद्धत ऐक. टीमनं वस्तीतला कचरा आणि तुंबलेली गटारं साफ केली की त्याचे पॉइंट लीगच्या टेबलमध्ये जमा होतात. म्हणजे मॅच जिंकून पण टेबलात मागं राहू शकतोस, कारण शनिवारी फावडं घेऊन आला नाहीस. चांगलं वागणाऱ्या खेळाडूला रेफरी ग्रीन कार्ड देतो. आणि हे सगळं चालवणारी पोरं सतरा-अठरा वर्षांची, त्याच वस्तीतली. यातूनच १९९४ ला मथारे युनायटेड निघाली आणि २००८ ला ती केनियाची लीग जिंकली. अशा ठिकाणी आपण तीन महिन्यांसाठी जाऊन पोरांना ड्रिबलिंग शिकवणार म्हणजे पंगतीला बोलावलेल्या पाहुण्यानं वाढपी व्हायचा हट्ट धरण्यासारखं आहे.

मग कमी कशाची आहे? आमच्या क्लबपुरतं सांगतो. गोलकीपरला वेगळं शिकवणारा कुणी नाही, तो बिचारा सगळी प्रॅक्टिस एका कोपऱ्यात उड्या मारतो. दुखापत झाली की बर्फ लावायचा का गरम शेकायचं यावर चार माणसांची पाच मतं. मुलींच्या टीमला बाई कोच मिळत नाही. तुझा गुडघा गेलाय म्हणतोस, रिहॅब केलं असशील तर ते तुला इथल्या कोचपेक्षा जास्त कळत असेल, तिथं तुझा उपयोग आहे. पोरांचा कोच म्हणून नको, कोचच्या हाताखाली ये.

भाषेचं टेन्शन घेऊ नको, कोचबरोबर इंग्लिश चालतं. बारकी पोरं आपापसात शेंग बोलतात, स्वाहिली-इंग्लिशची खिचडी, ती इथल्या म्हाताऱ्यांना पण कळत नाही.

पीटी_मॅडम_नाशिक

मी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत असंच एका एजन्सीमार्फत केनियाच्या किनाऱ्याकडे गेले होते, मोंबासाच्या बाजूला. नाव घेत नाही, उगाच वाद नको.

एकच प्रसंग सांगते. पहिल्या दिवशी मी वॉर्मअपला एक पकडापकडीचा खेळ घ्यायचा ठरवला होता, आमच्या ट्रेनिंग पीडीएफमध्येच दिला होता. मी समजवायला तोंड उघडलं आणि मुलं आपोआप गोलात उभी राहिली, दोघं मधे गेली आणि खेळ सुरू पण झाला. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी मला सांगतेय की टीचर तुम्ही तिकडे उभं राहायचं असतं. म्हणजे दर पंधरवड्याला नवीन व्हॉलंटिअर येतो, तीच पीडीएफ घेऊन येतो, आणि मुलं बिचारी नव्या माणसाला हौसेनं तोच खेळ खेळून दाखवतात. तिथला जो खरा कोच होता तो कोन्स आणि बिब्जची गोणी घेऊन कडेला उभा. वर्षभर मुलांना सांभाळणार तो आणि शिट्टी आमच्या गळ्यात. त्याला एजन्सी किती देत होती ते त्यानं एकदा सांगितलं, आकडा लिहीत नाही पण आमच्या फीपुढे काहीच नव्हता.

मुलं गोड होती, कोच मला आजही मेसेज करतो. राग एजन्सीचा आहे. त्यामुळे पैसे भरण्याआधी त्यांना विचार : मी गेल्यावर सोमवारी ही बॅच कोण घेणार? फीमधले किती पैसे क्लबला जातात, लेखी द्याल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही माझ्याकडून पोलीस क्लिअरन्स मागणार आहात का? हे तिसरं नीट समजून घे. मुलांमध्ये काम करायला येणाऱ्या अनोळखी माणसाचे कागद जर ते तपासत नसतील तर तुझे नाहीत तसे कुणाचेच तपासत नाहीत. मला कुणी मागितलं नव्हतं. मी तेव्हा सुटले म्हणून खूश झाले, घरी येऊन विचार केल्यावर अंगावर काटा आला.

आणि प्रोग्रॅममध्ये दुपारी अनाथाश्रम भेट वगैरे असेल तर तिथूनच मागे फिर. केनिया सरकारनं २०१७ मध्ये नवीन बालगृहांची नोंदणीच थांबवली होती, कारण ज्यांचे आईवडील आहेत अशी मुलंही पाहुण्यांसाठी ठेवली जात होती.

सडेतोड_सातारकर

एवढे सव्वादोन लाख आहेत तर गावाकडं पोरांना बूट घेऊन दे की. आपल्याकडं काय पोरं कमी पडली का. हे सगळं फोटोसाठी असतंय.

पेठेतला_लेफ्टबॅक

सातारकर दादा, बूट पण घेतोय, पोरं पण इथलीच शिकवतोय आणि एक रुपया घेत नाही त्यांच्याकडनं. जायचंय ते शिकायला, शिकवायला कमी. हे आधीच लिहायला पाहिजे होतं बहुतेक.

वेस्टलँड्सकर दादा, मायसाचं वाचून डोकं चक्रावलं, गटार साफ केल्यावर पॉइंट! आमच्यात हे लावलं तर पंचगंगा दोन सीझनमध्ये स्वच्छ होईल 😄 रिहॅब केलंय दादा, सहा महिने फिजिओकडं हेलपाटे घातलेत, व्यायाम तोंडपाठ आहेत. मॅडम, एजन्सीला तुमचे प्रश्न व्हॉट्सॲप केले. दोन ब्लू टिक, उत्तर नाही.

हॅनोव्हरची_वैदेही

थोडं विषयाबाहेर जातंय पण तुला बाहेरचं फुटबॉल बघायचंय आणि खिशातले पैसे घालायचे नाहीत, तर जर्मनीचा विचार केलास का?

इकडे एफएसजे म्हणून एक प्रकार असतो, वर्षभराचं सामाजिक स्वयंसेवेचं काम, आणि त्यात स्पोर्टसाठी वेगळी शाखा आहे. तुला एखाद्या फेराइनला जोडतात, म्हणजे आपल्या तालमीसारखाच क्लब पण रजिस्टर्ड, त्यात आजोबांपासून बालवाडीच्या पोरांपर्यंत सगळे मेंबर. पॉकेटमनी मिळतो, इन्शुरन्स असतो, काही ठिकाणी राहायचं पण बघतात. वर्षाला २५ दिवस सेमिनार असतात आणि बरेचजण त्यातच तिथलं ट्रेनर लायसन्स करून घेतात. अट अशी की सुरू करताना २७ पूर्ण नसावीत, म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे पण फार नाही. वय उलटलं तर बीएफडी नावाचा दुसरा प्रकार आहे, त्याला वयाची वरची मर्यादा नाही. वेल्टवेर्ट्स म्हणून जर्मन सरकारची योजना आहे, त्यात जर्मन मुलं बाहेर जातात तशी बाहेरची मुलं इकडे येतात, १८ ते २८ वयाची, खर्च बहुतेक सगळा तेच करतात, पण त्याला भारतातल्या पार्टनर संस्थेमार्फतच यावं लागतं.

अडचण भाषेची. आठ वर्षांच्या जर्मन पोराला इंग्लिशमध्ये पासिंग शिकवता येत नाही, त्यामुळे जर्मनची किमान ए२ लेव्हल तरी हवी, बी१ असेल तर व्हिसाला आणि क्लबला दोघांना बरं वाटतं. पुण्याला मॅक्सम्युलर भवन आहे, कोल्हापुरात पण क्लास असतील.

माझा मुलगा इथल्या क्लबमध्ये खेळतो म्हणून एक सांगते, तुला आवडेल. २०२४-२५ च्या सीझनपासून लहान मुलांच्या मॅचेस पूर्ण बदलल्यात. अगदी बारक्यांना तीन विरुद्ध तीन, चार छोटे गोल, गोलकीपर नाही, पॉइंट टेबल नाही. गोल झाला की खेळाडू रोटेशननं बदलतात त्यामुळे बेंचवर कुणी रडत बसत नाही. सुरुवातीला बाप लोकांनी इतका आरडाओरडा केला की टेबल नाही तर मॅच कशाला! आता तेच बाप कडेला कॉफी घेऊन शांत. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं आपल्याकडच्या अंडर १० ला हे हवं, तिथे अकरापैकी चार पोरं बॉलला पाय न लावता घरी जातात.

आणि पोलीस सर्टिफिकेट, नाशिकच्या मॅडम म्हणाल्या ते. इथे मुलांबरोबर काम करणाऱ्याला वेगळं, जास्त कडक सर्टिफिकेट लागतं. अगदी केक विकायला उभ्या राहणाऱ्या आईला नाही, पण ट्रेनिंग घेणाऱ्या प्रत्येकाला.

मडगांवचो_भाचा

मडगावहून लिहितोय. केनिया म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या गोंयकारांचं आणि केनियाचं नातं जुनं आहे, रेल्वेच्या आणि सरकारी ऑफिसातल्या नोकरीसाठी केवढे तरी गेले. सेराफिनो आंताव हे नाव किती जणांना माहितेय? मोंबासाचा गोवन पोरगा, १९६२ च्या पर्थ कॉमनवेल्थमध्ये केनियासाठी १०० आणि २२० यार्डांचं, दोन्ही सुवर्ण. आज केनिया म्हटलं की सगळ्यांना लांब पल्ल्याचे धावपटू आठवतात, आणि हा स्प्रिंटर! १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधली केनियाची हॉकी टीम बघा, कॅप्टन अवतार सिंग सोहल आणि टीममध्ये फर्नांडिस एकापेक्षा जास्त. नैरोबीत गोवन क्लब होते, तिथं संध्याकाळी हॉकी चालायची, माझी मावशी अजून सांगते.

सांगायचा मुद्दा एवढाच की लेफ्टबॅक भाई, एजन्सीपेक्षा तिथल्या भारतीय लोकांच्या क्लबांना मेल टाकून बघ, राहायची सोय तरी ओळखीनं होईल.

वेस्टलँड्सकर

मडगावकरांचं बरोबर आहे, राहायचं ओळखीत होतं. आमच्या क्लबच्या सेक्रेटरीला मी विचारतो पण वचन देत नाही, आणि तीन महिने नको, आधी चार आठवडे ये. ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते, तेव्हा इथं स्पर्धा भरतात, सगळे कोच एका ठिकाणी भेटतात. एप्रिल-मे मध्ये चुकून पण येऊ नको, मोठा पाऊस असतो आणि पूर्व नैरोबीत काळी माती आहे, आपल्यासारखीच, बुटाला किलोभर चिकटते.

येताना स्वेटर आण. आफ्रिका म्हणून लोक बनियनवर येतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये कुडकुडतात. शहर १७०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, पहिले काही दिवस तू धावशील तेव्हा पोरं तुला हसतील. बॉल हवा काढून आणायचे, पंप एक आणि सुया मूठभर, सुया इथं सगळ्यात आधी हरवतात. पण कुणाला बूट-जर्सी परस्पर वाटायच्या नाहीत, क्लबकडं द्यायच्या. एका पोराला दिलं की बाकीच्या वीसांशी त्या कोचला भांडावं लागतं आणि तू तोवर विमानात.

पीटी_मॅडम_नाशिक

आणि यलो फीव्हरची लस विसरू नकोस. मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे मिळते, आधी नाव नोंदवावं लागतं. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे जायच्या आदल्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही. कार्ड नसेल तर येताना आपलंच सरकार विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतं. किसुमूला जाणार असशील तर मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार, नैरोबीत उंचीमुळे तो कमी असतो पण किसुमूकडे व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला भरपूर.

पीसीसी, म्हणजे ते पोलीस क्लिअरन्स, पासपोर्ट सेवेच्या साइटवरूनच होतं, ५०० रुपये.

पेठेतला_लेफ्टबॅक

एजन्सीचं उत्तर आलं. 'सर हे सगळं ओरिएंटेशनमध्ये सांगितलं जाईल, आज बुकिंग केल्यास १५ टक्के डिस्काउंट.' संपला विषय 🙏

वेस्टलँड्सकर दादा, तुम्हाला मेसेज टाकलाय, डी लायसन्सची कॉपी आणि अंडर १३ च्या प्रॅक्टिसचा एक व्हिडिओ पाठवतो, सेक्रेटरींना दाखवा. वडिलांना चार आठवडे सांगितल्यावर ते म्हणाले तिकिटाचे निम्मे मी देतो. वैदेही ताई, जर्मनचा क्लास पण बघतो, पण तीन विरुद्ध तीन चार गोलवालं मी या रविवारीच लावणार, कोन्सचेच गोल करून. गोलकीपर नाही म्हटल्यावर आमचा बारका गोली रुसणार एवढं नक्की.

सडेतोड_सातारकर

व्हिडिओ इथं पण टाक त्याचा. आमच्याकडं अंडर १० ला तेच चाललंय, दोन पोरं खेळतात बाकीची ग्राउंडवर गवत उपटत बसतात.