दादाला अमेरिकेत टार्गेट लेटर आलंय, वकील कसा शोधायचा?

ठाणेकर_धाकटा
नमस्कार मंडळी, विषय नाजूक आहे म्हणून थोडे तपशील बदलून लिहितोय. माझा दादा न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो, बरीच वर्षं झाली, ग्रीन कार्ड आहे, सिटिझनशिपचा फॉर्म भरू भरू म्हणत राहूनच गेला. एका छोट्या आयटी स्टाफिंग कंपनीत ऑपरेशन्स बघतो, मालक वेगळा. एच-वन-बीच्या (तिकडच्या नोकरीच्या व्हिसाच्या) पिटिशनना जोडलेली एंड क्लायंटची, म्हणजे जिथे माणूस प्रत्यक्ष काम करणार त्या कंपनीची, लेटर्स खोटी होती, माणसं प्रत्यक्षात बेंचवर म्हणजे कामाविना बसून होती असं काहीतरी प्रकरण आहे आणि त्यातल्या काही कागदांवर दादाच्या सह्या आहेत. मध्यंतरी सकाळी सकाळी दोन एजंट घरी येऊन गेले, दादा नव्हता, वहिनीकडे कार्ड देऊन गेले. आता नेवार्कच्या यूएस ॲटर्नी (केंद्राच्या सरकारी वकिलांच्या) ऑफिसातून पत्र आलंय की तुम्ही ग्रँड ज्युरीच्या (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) तपासात टार्गेट, म्हणजे मुख्य संशयित आहात, तुमच्या वकिलाला आमच्याशी संपर्क करायला सांगा.
आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाहीये. इथे असतं तर सरळ अटकपूर्व जामिनाला धावलो असतो, तिकडे तसं काही असतं का? मालक म्हणतोय कंपनीचा वकील तुझंही बघेल, तुला एक पैसा पडणार नाही. दादा म्हणतोय मी काही लपवलं नाहीये, त्या एजंटना फोन करतो आणि खरं काय ते सांगून मोकळा होतो. बाबा म्हणतायत डोंबिवलीचा फ्लॅट विकून पैसे पाठवू. वहिनी रात्र रात्र झोपत नाही. कोणाला खरंच माहिती असेल तर सांगा, नुसता धीर नको.

पावभाजी_एडिसन
भाऊ, एवढं काही घाबरू नका, इथली सिस्टीम आपल्यासारखी नाही. माणूस खरा असेल तर जाऊन नीट बोलला की मिटतं, उगाच वकील घेऊन गेलं की त्यांना वाटतं याच्या मनात काहीतरी आहे. आमच्या टाऊनशिपच्या पोलिसांचा माझा अनुभव फार चांगला आहे.

काळा_कोट_नाही
वरचा सल्ला कृपा करून कोणी मनावर घेऊ नका!! टाऊनशिपचा पोलीस स्पीडिंगचं तिकीट देतो, ही फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची केस आहे. मी न्यू जर्सीत एका क्रिमिनल डिफेन्स ऑफिसमध्ये पॅरालीगल आहे, वकील नाही, म्हणून हे माहिती म्हणून वाचा, सल्ला म्हणून नको.
दादाला आजच्या आज सांगा की त्या कार्डावरच्या नंबरला फोन करायचा नाही. फेडरल एजंटला तपासाच्या मुद्द्यावर जाणूनबुजून खोटं सांगणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, कलम १००१, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि त्यासाठी शपथ घेतलेली असावी लागत नाही, घरच्या सोफ्यावर बसून बोललेलंही चालतं. मार्था स्टुअर्टचं प्रकरण आठवत असेल, टीव्हीवरची ती गृहसजावटवाली बाई, २००४ मध्ये दोषी ठरली ती शेअर विकले म्हणून नाही तर तपासाच्या वेळी खोटं बोलणं, अडथळा आणणं यासाठी, आणि पाच महिने आत गेली. दादा मुद्दाम खोटं बोलणार नाही हो, पण चार वर्षांपूर्वीचं कुठलं लेटर कोणी बनवलं हे घाबरलेला माणूस आठवून आठवून अंदाजाने सांगतो, आणि त्यांच्यासमोर त्याच दिवसाचा ईमेल उघडा असतो. मग ती आठवणीतली चूक होती हे पटवत बसायचं.
दुसरं म्हणजे काहीही डिलीट करायचं नाही. व्हॉट्सॲप, जुना लॅपटॉप, पेरोलच्या फाईली, काहीच नाही. फेडरल तपासात अडथळा यावा म्हणून कागद नष्ट करणं याला २० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे मूळ व्हिसा फ्रॉडपेक्षा जास्त, त्यात साधारण १० आहे. आणि तुम्ही भावाभावांनी या विषयावर चॅट करणं बंद करा, तुमच्या चॅटला वकील-अशिलाचं संरक्षण नसतं. वहिनींनाही सांगा परत कोणी दारात आलं तर नम्रपणे "आमचा वकील तुमच्याशी बोलेल" इतकंच म्हणायचं आणि दार लावायचं.
अटकपूर्व जामीन इथे नाही. पण टार्गेट लेटर आलंय ही एका अर्थी बरी बातमी आहे, कारण पुष्कळांना पत्रबित्र काही येत नाही, थेट पहाटे सहाला दारावर थाप. पत्र पाठवलंय म्हणजे बोलायला जागा ठेवलीये. वकील सरकारी वकिलाला फोन करून विचारतो की आमच्या माणसाबद्दल तुमच्याकडे काय आहे, आणि चार्ज लागलाच तर अटक न करता तो स्वतः हजर होईल असं ठरवून घेता येतं. मग मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहतो, प्रीट्रायल सर्व्हिसेसवाले घर, नोकरी, कुटुंब याची चौकशी करतात, पासपोर्ट जमा करून घेतात आणि अशा केसमध्ये बहुतेक वेळा बाँडवर सोडतात. परदेशात जन्मलेला माणूस, भारतात घरदार, म्हणजे पळून जाईल हा मुद्दा सरकारी वकील काढणारच, त्यासाठी मुलांची शाळा, घराचं मॉर्गेज, इथली वर्षं हे सगळं कागदावर तयार ठेवायचं.

ठाणेकर_धाकटा
खूप आभार. दादाला फोन करून सांगितलं, तो अक्षरशः फोन लावायच्या बेतात होता. कंपनीच्या वकिलाचं काय? मालक रोज विचारतोय.

काळा_कोट_नाही
नाही म्हणायचं. कंपनीचा वकील कंपनीचा असतो. उद्या मालकाने "हे सगळं ऑपरेशन्सवाल्याने केलं, मला माहीतच नव्हतं" असा पवित्रा घेतला तर तो वकील कोणाच्या बाजूने उभा राहील? कंपनी दादाच्या स्वतंत्र वकिलाची फी भरायला तयार असेल तर ते चालतं, पण वकील दादाने निवडलेला हवा आणि पैसे कोणीही भरले तरी निष्ठा दादाशी, हे लेखी. हाच नियम तुमच्या बाबांनाही लागू आहे बरं का, फ्लॅट विकून फी दिली म्हणून वकील तुम्हाला केसचं सगळं सांगेल असं नाही, आणि मीटिंगला तुम्ही झूमवर बसलात तर गोपनीयतेचं संरक्षण जाऊ शकतं. आपल्याकडे अख्खं घर वकिलाच्या ऑफिसात जातं, इथे तसं करू नका.

सुगरण_नाही_मी
माझ्या एका जवळच्या नातेवाईकांच्या बाबतीत हे झालंय (वेगळं राज्य, वेगळा गुन्हा), म्हणून वकील शोधण्याबद्दल लिहिते. आपल्या ओळखीतले देसी वकील म्हणजे घराचं क्लोजिंग, इमिग्रेशन, फार तर डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवणं). त्यातले कितीतरी जण आनंदाने फेडरल केसही घेतील. घेऊ देऊ नका. पहिला प्रश्न हाच विचारायचा की गेल्या काही वर्षांत याच डिस्ट्रिक्टमध्ये फेडरल क्रिमिनल केसेस किती केल्यात, त्यातल्या व्हाइट कॉलर (फसवणुकीसारख्या आर्थिक गुन्ह्यांच्या) किती, आणि चार्ज लागायच्या आधीच मिटवलेल्या किती. तो ज्या केसेसची नावं सांगेल त्यांची डॉकेट्स (खटल्याच्या नोंदी) पेसरवर, म्हणजे फेडरल कोर्टांच्या वेबसाइटवर, स्वतः बघता येतात, पानाला १० सेंट पडतात, एका डॉक्युमेंटला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलर किंवा कमी झालं तर बिल माफ. आम्ही एका वकिलाच्या बाबतीत हे केलं तेव्हा कळलं की "माझी मोठी केस" म्हणून सांगत होता त्यात हा तिसऱ्या आरोपीचा स्थानिक वकील म्हणून फक्त सही करायला होता!
पूर्वी सरकारी वकील असलेले बरेच जण आता डिफेन्समध्ये आहेत, त्यांचा फायदा असतो कारण समोरचं ऑफिस कसा विचार करतं ते माहीत असतं, पण नुसतं तेवढ्यावर जाऊ नका, काही जणांना भांडायची सवयच नसते. आणि "मी नक्की सोडवतो" म्हणणारा दिसला की उठून या. साधारण ९० टक्के फेडरल आरोपी गुन्हा कबूल करतात, ट्रायलला जाणारे अगदी थोडे आणि त्यातून सुटणारे त्याहून थोडे, त्यामुळे वकिलाचं खरं काम ट्रायलच्या आधी असतं. चार्ज लागू नये, लागला तर कुठल्या कलमाखाली लागावा, नुकसानीचा आकडा किती धरावा, कारण फ्रॉडमध्ये शिक्षेच्या गाइडलाइन्सचं गणित बरंचसं त्या आकड्यावर चालतं. २००५ पासून त्या गाइडलाइन्स जजवर बंधनकारक नाहीत पण हिशोब तिथूनच सुरू होतो. आणि फेडरलमध्ये पॅरोल (शिक्षा पूर्ण व्हायच्या आधी सुटका) नाही, १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना तो बंदच केलाय, त्यामुळे "निम्म्यात सुटेल" असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.
फीबद्दल: जिंकलो तर पैसे हा प्रकार क्रिमिनलमध्ये चालतच नाही, नियमाने मनाई आहे. चार्ज लागायच्या आधीच्या टप्प्याची वेगळी फी, चार्ज लागल्यापासून प्लीपर्यंत (गुन्हा कबूल करेपर्यंत) वेगळी, ट्रायलची वेगळी, असं तुकड्यात लिहून घ्या. हजारोंपासून सुरू होऊन ट्रायल झाली तर लाखो डॉलर्सपर्यंत सहज जातं. फॉरेन्सिक अकाउंटंटचे पैसे फीत आहेत का वर, आणि न वापरलेला रिटेनर (आगाऊ भरलेली फी) परत मिळणार का, हे आधीच विचारा.

नुसताच_वाचक
पैसे नसतील तर फेडरल पब्लिक डिफेंडर असतो की. फुकट म्हणून नाक मुरडू नका, ही माणसं दिवसभर फेडरल केसेसच करतात, चार्ज लागायच्या आधी टार्गेट लेटरवरही काही ठिकाणी मिळतात. उत्पन्नाचा फॉर्म भरावा लागतो. पण घर आणि पगार असेल तर मिळणं अवघड. फ्लॅट विकायच्या आधी हे बघा तरी. आणि बाबांनी पाठवलेच तर रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे आणि बाबांकडून वर्षात एक लाख डॉलरच्या वर गिफ्ट आली तर दादाला तिकडच्या टॅक्स खात्याला ३५२० नंबरचा फॉर्म द्यावा लागतो. सगळं बँकेतून, हवाला बिवाला डोक्यातही आणू नका.

पावभाजी_एडिसन
बरं बाबा, मी आपलं चांगल्या भावनेने सांगितलं होतं. माझ्या मुलाच्या मित्राचे वडील वकील आहेत, नंबर हवा असेल तर व्यनि करा.

काळा_कोट_नाही
भावनेबद्दल वाद नाही हो काका. ते वडील फेडरल क्रिमिनल करतात का हे मात्र आधी विचारा :)
ठाणेकर, इमिग्रेशनचं राहिलं, आणि तुमच्या केसमध्ये तेच सगळ्यात महत्त्वाचं. कलम १५४६, म्हणजे व्हिसा फ्रॉड, याखाली दोषी ठरला तर ग्रीन कार्डवाल्यालाही डिपोर्ट करता येतं, तुरुंगात एक दिवसही गेला नाही तरी. फ्रॉडची दुसरी कलमं लावली आणि नुकसान १० हजार डॉलरच्या वर धरलं तर तिथेही तेच, आणि तेव्हा परतीचे जवळजवळ सगळे रस्ते बंद. म्हणजे "प्रोबेशनवर सुटतोय, सही कर" ही डील सिटिझन असलेल्या मालकाला सोन्यासारखी आणि दादाला देशोधडीला लावणारी. सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या पडिया (Padilla) निकालानंतर क्रिमिनल वकिलाने हे सांगणं बंधनकारक आहे, पण प्रत्यक्षात कितीतरी जण "इमिग्रेशन वकिलाला विचारा" इतकंच पुटपुटतात. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा की तुम्ही कुठल्या इमिग्रेशन वकिलाबरोबर मिळून काम करता. उत्तर अडखळत आलं तर पुढचा वकील. आणि ज्याने ती एच-वन-बी पिटिशन्स भरली तो वकील अजिबात नको, तो स्वतःच उद्या साक्षीदार असू शकतो. सिटिझनशिपचा फॉर्मही आता घाईघाईने भरायचा नाही, भारतात यायचं तिकीट काढायचं नाही.

ठाणेकर_धाकटा
बाप रे. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला यायचं म्हणून त्याने तिकीट काढलेलं आहे पुढच्या महिन्याचं.

काळा_कोट_नाही
वकील मिळेपर्यंत कॅन्सलही करू नका आणि प्रवासही नको. वकिलाला पहिल्या फोनवरच तारीख सांगा, तो सरकारी वकिलाशी बोलून ठरवेल. पत्रात उत्तर द्यायची मुदत कुठली लिहिलीये?

ठाणेकर_धाकटा
या महिन्याअखेरची. दोन वकिलांच्या सोमवारच्या वेळा मिळाल्यात, एक नेवार्कचा, एक प्रिन्स्टनकडचा. वहिनी पत्र आणि ते कार्ड स्कॅन करून ठेवतेय.

सुगरण_नाही_मी
मूळ पत्र पाकिटासकट जपून ठेवा, वकील पोस्टाची तारीख बघतात. आणि नेवार्कवाल्याला विचारा ट्रायल स्वतः करणार की ऑफिसातल्या ज्युनियरकडे देणार.