निवेदनात ‘नाहीतर इच्छामरणाची परवानगी द्या’ असं लिहावं का?

रावेर_केळीपट्टा
आमच्या तालुक्यातल्या दिव्यांग संघटनेचं निवेदन जळगावला जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचंय. रखडलेलं संजय गांधी निराधारचं अनुदान, ग्रामपंचायतींचा ५ टक्के दिव्यांग निधी आणि मणक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मदतनीस, अशा तीन मागण्या आहेत. शेवटी ‘नाहीतर इच्छामरणाची परवानगी द्या’ ही ओळ टाका, म्हणजे पेपरात बातमी येते, असं काहींचं म्हणणं. परदेशातल्या दिव्यांग संघटना तर इच्छामरणाच्या विरोधात आहेत म्हणे. का? आणि आपला कायदा काय म्हणतो?

धुळे_कोर्ट
ओळ काढा. जिल्हाधिकाऱ्यांना ती परवानगी देताच येत नाही, त्यामुळे अर्जाला उत्तर म्हणून पोलिसाची नोटीस तेवढी घरी येते.

९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली ती बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे व्हेंटिलेटरसारखे उपचार थांबवायला. इंजेक्शन देऊन मारणं आजही गुन्हाच आहे. २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी केली, तरी चाळण्या आहेतच. आधीच लिहून ठेवायच्या वैद्यकीय इच्छापत्रावर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो. पुढे दवाखान्याचं तिघांचं मंडळ, त्यानंतर दुसरं मंडळ, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला. दोन्ही मंडळांचा होकार आला की उपचार थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मानेखालून लुळा पण शुद्धीत असलेला, स्वतःच्या श्वासावर जगणारा माणूस यात कुठेच बसत नाही.

तापीकाठ
विरोधाचं कारण सांगतो. धडधाकट माणूस ‘मरायचंय’ म्हणाला तर लोक त्याला समजवायला धावतात. दिव्यांग म्हणाला तर ‘सुटेल बिचारा’. अमेरिकेत १९९६ ला ‘नॉट डेड येट’ ही संघटना उभी राहिली ती याच भेदभावाविरुद्ध. ओरेगॉनमध्ये १९९७ पासून मरणासन्न रुग्णांना डॉक्टर मरणाचं औषध लिहून देऊ शकतात. तिथल्या सरकारी अहवालांत कारण म्हणून वेदनेपेक्षा ‘स्वतःचं स्वतः करता येत नाही’ हेच जास्त नोंदलं जातं. आता हे तर मदतनीस आणि रॅम्प नसल्याचं दुखणं झालं.

कॅनडाने २०१६ ला कायदा केला. २०२१ ला ‘मरण जवळ आलेलं असावं’ ही अटही काढली, म्हणजे मरण जवळ नसलेला, पण गंभीर अपंगत्वाने असह्य त्रास होणारा माणूसही पात्र ठरू लागला. २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीने ही वाट बंद करा असं कॅनडाला सांगितलं. पण सगळे दिव्यांग एका बाजूला आहेत असंही नाही. ती अट कॅनडातल्या क्युबेक प्रांताच्या कोर्टात पाडणारे ज्याँ ट्रुशाँ स्वतः सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) होते.

फिजिओ_भुसावळ
‘मदतनीस द्या’ एवढ्यावर थांबू नका. त्याला काय काम असतं ते लिहा. दर दोन तासांनी कूस बदलणं, रात्रीसुद्धा. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज उजेडात पाहणं. दाबल्यावर न जाणारी लाली म्हणजे जखमेची सुरुवात. हवेच्या गादीचा पंप वीज गेली की थांबतो, हवा उतरते आणि हाड थेट खाटेला टेकतं. आपल्याकडचं भारनियमन धरून गादीसोबत इन्व्हर्टरही मागा.

दुखापत मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर त्याखाली घाम नीट येत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत अंग तापत जातं, म्हणून ओली फडकी आणि कूलर. याच रुग्णांचं डोकं अचानक ठणकलं, चेहरा लाल झाला तर आधी उठवून बसवा, लघवीची नळी कुठे मुडपली किंवा तुंबली आहे का ते बघा. बीपी झपाट्याने चढलेलं असतं. उतरलं नाही तर तडक दवाखाना. हे न शिकलेल्या नातेवाइकावर सोडलं की जखम चिघळते, ताप येतो, आणि मग घरातच कुणीतरी ‘देवाने सोडवावं’ म्हणतं.

धुळे_कोर्ट
@रावेर_केळीपट्टा, फिजिओंनी सांगितलेलं हेच निवेदनात घ्या. शेवटची ओळ अशी करा: ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ३८ नुसार उच्च आधाराची गरज तपासावी व कलम २४ नुसार काळजीवाहक भत्ता मिळावा.’ सोबत प्रत्येकाच्या यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा, आवक क्रमांक टाकून पोच घ्या. आणि संघटनेत कुणी खरोखरच मरणाची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका, १४४१६ या टेलीमानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या) क्रमांकावर फोन लावून द्या. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.