खाडीच्या मुखाशी एलएनजी टर्मिनल : जनसुनावणीसाठी लेखी हरकत लिहिण्यास मदत हवी आहे

नमस्कार. लग्नानंतर गेली अठरा वर्षे मी कोल्हापुरात राहते. माहेर मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात आहे. तिथल्या बंदरात द्रवरूप नैसर्गिक वायू (एलएनजी) आयात करण्याचे टर्मिनल प्रस्तावित असून त्याच्या जनसुनावणीची सूचना प्रसिद्ध झाली आहे. सूचना आणि सुनावणी यांत किमान तीस दिवस ठेवावे लागतात. त्यांतले नऊ दिवस ती सूचना नेमकी कशाची आहे हे समजून घेण्यातच गेले.

किनाऱ्यावर मोठ्या टाक्या न बांधता धक्क्याला एक जहाज कायमचे बांधून ठेवायचे, उणे 162 अंश सेल्सिअस तापमानाचा द्रव त्यात साठवायचा आणि समुद्राच्या पाण्याच्या उष्णतेने त्याचा पुन्हा वायू करून नळाने पुढे पाठवायचा, अशी ही योजना आहे. माझा भाऊ लहान होडीने मासेमारी करतो आणि वहिनी ओहोटीला खाडीत मुळे आणि कालवे हे खाण्याचे शिंपले काढते. गावात बोलणे होते ते स्फोटाच्या भीतीचे, आणि ती भीती मी हलकी मानत नाही. पण प्रकल्पाच्या पर्यावरणीय आघात अहवालाचा मराठी सारांश वाचल्यावर मला पाण्याची चिंता अधिक वाटू लागली. अशा जहाजात ओढलेले पाणी थंड होऊन परत समुद्रात सोडले जाते, नळ्यांत शिंपले आणि शेवाळ धरू नये म्हणून त्यात क्लोरिन मिसळलेले असते, आणि पाण्याबरोबर माशांची अंडी व पिल्लेही आत खेचली जातात. सारांशात या साऱ्याची बोळवण एका वाक्यात केलेली आहे.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातील क्रिब पॉइंट येथे असेच तरंगते टर्मिनल होणार होते. स्थानिकांनी हजारो लेखी हरकती नोंदवल्या आणि मार्च 2021 मध्ये राज्याच्या नियोजनमंत्र्यांनी प्रकल्प नाकारला. तेथील पाणथळ क्षेत्रावर क्लोरिनयुक्त पाण्याचा होणारा परिणाम हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. म्हणजे हा मुद्दा नीट मांडला तर तो ऐकला जातो.

गावात सध्या सुनावणीवर बहिष्कार टाकावा असे म्हणणारे अनेक आहेत. त्यांचा संताप मला समजतो, तरीही हे पाऊल चुकीचे ठरेल असे माझे स्पष्ट मत आहे, कारण 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत सुनावणीला गणसंख्येची अट नाही; कोणीही आले नाही तरी ती पार पडते आणि इतिवृत्त कोरेच पुढे जाते. उलट तिथे मांडलेल्या प्रत्येक मुद्द्याची नोंद व्हावी लागते, कामकाजाचे चित्रीकरण होते आणि शेवटी सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. बाहेरच्या घोषणा त्या कागदावर येत नाहीत.

जाणकारांकडून मला पुढील बाबतींत मार्गदर्शन हवे आहे. संपूर्ण अहवाल इंग्रजीत आहे; त्यातील सागरी जीवसृष्टीचे प्रकरण वाचताना कोणते आकडे शोधावेत? विशेषतः मासेमारीचे सर्वेक्षण कोणत्या महिन्यांत केले आहे आणि सोडलेले पाणी भरती-ओहोटीला कुठवर पसरेल, हे तिथे कोणत्या स्वरूपात दिलेले असते? होडी जवळून नेण्यास मनाई असणारे सुरक्षा क्षेत्र किती रुंद असेल, हे लेखी मागण्यासाठी प्रश्न कसा लिहावा? बाहेर राहणाऱ्या पण संबंध असलेल्या व्यक्ती लेखी म्हणणे पाठवू शकतात. माझ्यासारख्या कोल्हापुरातल्या माहेरवाशिणींनी आपला संबंध त्यात कोणत्या शब्दांत मांडावा? आणि पुढे मंजुरी मिळालीच, तर पुण्यातील हरित न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करायचे की रत्नागिरी जिल्हा आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचखाली येत असल्याने इथे दाद मागणे योग्य, यावर वकील मंडळींनी कृपया लिहावे.

कोल्हापुरातही घरोघरी नळाने गॅस येऊ लागला आहे आणि त्याची सोय मी नाकारत नाही. मात्र त्या सोयीची किंमत वहिनीच्या खाडीने द्यायची असेल, तर निदान ती किती हे आधी सांगितले पाहिजे.

येत्या शनिवारी मी गावी जाणार आहे आणि रविवारी मुळे काढणाऱ्या बायकांची वेगळी बैठक ठरली आहे. तिथे हरकतीचा मसुदा वाचून दाखवायचा आहे, म्हणून शुक्रवारपर्यंत उत्तरे मिळाली तर फार उपकार होतील.