सालीवरच्या चित्राचा रंग झडतोय, मदत हवी आहे

खारूताई७: घरी झाडाच्या सालीवर काढलेलं चित्र आहे. रंगाची भुकटी पडतेय, मधून चीर गेलीये. कुठला गोंद लावू? शनिवारी पाहुणे येणार आहेत. लवकर सांगा.

उंटावरचा: कसली साल? चित्र कुठलं? फोटो?

जुनापेटारा: सुताराचा पांढरा गोंद पातळ करून फासा. मी लाकडाचं सगळं त्यानेच जोडतो.

मिरमिरा: हेअरस्प्रे मारा. खडूच्या चित्रांवर मी तेच करते.

गेरूमाती: अजिबात नको! मातीचे रंग काळवंडतात, पांढरा तर फिका पडून विरतो.

जुनापेटारा: सालीवर चित्रं काढणारेच हल्ली रंगात तो गोंद घालतात म्हणे.

गेरूमाती: रंगात घालणं वेगळं, वरून फासणं वेगळं.

खारूताई७: साल कसली ते मला कसं कळणार? ऑस्ट्रेलियात डार्विन शहरात घेतलं, तिथल्याच उत्तरेकडच्या अर्नहेम लँडचं आहे. बारीक तिरप्या रेघांची घोरपड. चीर शेपटीपासून पोटापर्यंत.

गेरूमाती: मग स्ट्रिंगीबार्क निलगिरीची साल. पावसाळ्यात सोलतात, विस्तवावर शेकून वजनाखाली सपाट करतात. पण साल मूळचा बाक विसरत नाही. हवा कोरडी-दमट झाली की वळते. फ्रेम कशी केलीत?

पोथीवाला: अवांतर: बख्शाली हस्तलिखितही (गणिताची जुनी पोथी) सालीवरच, भूर्जपत्रावर आहे. ऑक्सफर्डला ठेवलंय.

उंटावरचा: पोथीवाले, घोरपडीवर या.

खारूताई७: फ्रेमवाल्याने चारही कडांना खिळे मारून प्लायवर बसवलं. दोन्ही टोकांना काठ्या बांधलेल्या होत्या, त्या काढल्या. हीटरच्या वर टांगलंय.

गेरूमाती: हे आधी सांगायचंत ना ताई! काठ्या साल वळू नये म्हणून असतात. हीटरने साल आकसली, खिळ्यांनी हलू दिलं नाही, म्हणून तडकली. आता फ्रेमसकट उतरवून चित्र वर करून आडवं ठेवा. फुंकर नको, फडकं नको. पडलेले पोपडे कागदाच्या पुडीत ठेवा, कुठले ते लिहा. खिळे स्वतः उपटू नका. चित्रसंवर्धक भिंगाखाली, अगदी पातळ मिथाइल सेल्युलोज (एक सौम्य खळ) किंवा माशाचा सरस बारीक कुंचल्याने सोडून रंग धरवतो. चिरेला मागून जपानी कागदाची पट्टी. पुढे खिळ्यांऐवजी कडांना गादी लावलेले हूक, म्हणजे साल हलू शकेल. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि एकसारखी हवी.

मिरमिरा: विकायचं असेल तर ऑस्ट्रेलियातून बाहेर नेताना परवाना लागू शकतो. १९८६ चा कायदा आहे तिथला.

खारूताई७: विकायचं कोण म्हणालं? म्हणजे शनिवारी भिंत रिकामीच?

गेरूमाती: हो.

जुनापेटारा: माझा गोंद एव्हाना वाळलासुद्धा असता.