मिहाय झिची: झारच्या नोकरीत वाया गेला का?

कुंचलेवाला: मिहाय झिची (1827–1906), हंगेरीचा चित्रकार. व्हिएन्नात वाल्डम्युलर या ऑस्ट्रियन चित्रकाराकडे शिकला, 1847 ला रशियात सेंट पीटर्सबर्गला राजघराण्यात चित्रकलेची शिकवणी करायला गेला आणि मधली काही वर्षं सोडली तर तिथलाच झाला. माझं स्पष्ट मत, एवढा हात असलेला माणूस शिकारी आणि समारंभ रंगवत बसला. बरं 1849 मध्ये हंगेरीचा उठाव चिरडायला फौज कोणी पाठवली होती? झारनेच ना?

बोरूबहाद्दर: मग खायचं काय त्याने? शिकवणी सुटल्यावर फोटो रिटच करून दिवस काढलेत, सेंट पीटर्सबर्गजवळच्या गात्चिनातल्या शाही शिकारीची चित्रं झारला आवडली तेव्हा कुठे बरे दिवस आले. दुसऱ्याच्या पोटावर देशभक्ती करणं सोप्पं असतं हो.

कुंचलेवाला: 1874 ला पॅरिसला गेला होता की, राहायचं तिथेच!

मीनाक्षी_ताई: अरे पॅरिसचंही ऐक. 1878 च्या जागतिक प्रदर्शनासाठी युद्धाविरुद्ध भलंमोठं चित्र केलं, नाव 'संहाराच्या राक्षसाचा विजय', तर फ्रेंच सरकारने ते लावूच दिलं नाही. मग जॉर्जियातल्या तिफ्लिसला (आजचं तिबिलिसी) गेला, तिथे जॉर्जियन लोकांच्या लाडक्या मध्ययुगीन कवी रुस्तावेलीच्या महाकाव्यासाठी ठरली होती त्याहून कितीतरी जास्त चित्रं काढली आणि पैसे न घेता देऊन टाकली. वाया गेलेला माणूस असं करतो?

खडूफळा: दानशूर होता हे ठीक, पण ती चित्रं मला नाटकी वाटतात बुवा. सगळे पोझ देऊन उभे, डोळे आभाळाकडे. आणि गंमत म्हणजे तिफ्लिसमध्ये त्याने खरंच माणसं पोशाख घालून स्टेजवर उभी करून याच काव्यातले प्रसंग दाखवले होते, म्हणजे डोक्यात नाटकच होतं.

मीनाक्षी_ताई: नाटकी आहेत, मान्य. पण मग हंगेरियन कवी अरान्य यानोशच्या बॅलड्सची, म्हणजे कथागीतांची, त्याने चितारलेली पानं बघ. मजकूर हस्ताक्षरातला, चित्र त्याच्या अंगाखांद्यावरून वर चढतं, खाली उतरतं, कुठे ओळींच्या मधेच घुसतं, वाचणं आणि बघणं वेगळं करताच येत नाही. तिथे पोझ द्यायला जागाच नाही!

कुंचलेवाला: बॅलड्स भारीच आहेत, वाद नाही. पण ती 1890 च्या दशकातली, म्हणजे साठी उलटल्यावर. तोवर काय तर झारच्या बंदुका आणि मेलेली अस्वलं.

बोरूबहाद्दर: आणि बॅलड्स काढत होता तेव्हा पगार कोण देत होतं? झारच. आता काय, त्या पण फाडायच्या?