'कर्णध्वनी उत्सर्जन'ला बरा मराठी शब्द सुचवा

बहिणीच्या मुलीला बाळ झालं, दुसऱ्या दिवशी बाळाची ऐकण्याची टेस्ट झाली, ओएई, म्हणजे ओटोअकूस्टिक एमिशन. हातात दिलेल्या कागदावर मराठीत 'कर्णध्वनी उत्सर्जन चाचणी'. तिनं घाबरून फोन केला, मावशी, बाळाचा कान वाहतोय का गं? तिची काय चूक, उत्सर्जन म्हटलं की शाळेपासून लघवी आणि घामच डोक्यात.

— प्रतिध्वनी म्हटलं तर? कानात बारीक प्रोब बसवून टकटक आवाज सोडतात आणि आतून येणारा आवाज त्यातलाच माईक टिपतो ना?

— प्रतिध्वनी नको ताई, मी रोज हीच टेस्ट करतो. डोंगर नुसता उभा असतो, तुमचाच आवाज तुम्हाला परत देतो. कान तसा नाही हो. आत गोगलगायीसारखी अडीच-पावणेतीन वेढ्यांची नळी असते, कोक्लिया, उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर, तिच्यात केशपेशींच्या, म्हणजे केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशींच्या रांगा, त्यातल्या बाहेरच्या रांगांमधल्या १२ हजारांच्या आसपास पेशी आवाज आला की स्वतः लांब-आखूड होऊन बारीक आवाजाला जोर देतात आणि त्या धडपडीतला थोडासा आवाज उलटा पडद्यापर्यंत येऊन बाहेर पडतो, काही मिलिसेकंद उशिरा. कान असा आतून जोर लावत असणार हे शास्त्रज्ञ थॉमस गोल्डनं १९४८ लाच मांडलं होतं, माईकवर पकडून दाखवलं लंडनच्या डेव्हिड केम्पनं, १९७८ मध्ये. तेव्हा 'केम्प एको' हे नाव पडलं, म्हणजे इंग्रजीतही आधी प्रतिध्वनीच झाला होता.

मी पालकांना 'कानाचा हुंकार' सांगतो. आजी गोष्ट सांगताना 'हं म्हण रे' म्हणायची, हं आला नाही की पोरगं झोपलं. इथे बाळ गाढ झोपलेलं असतं आणि कान हं म्हणतो.

— वा, हुंकार फार आवडला! पण काहींच्या कानातून काही न ऐकवताही आवाज निघतो म्हणतात, त्याला हुंकार कसं म्हणणार?

— खरंय, तिथे हुंकार बसत नाही. गुणगुण म्हणावं तर पेशंटला कान वाजण्याचं दुखणं वाटतं, आणि हा आवाज तर बहुतेकांना स्वतःला ऐकूही येत नाही. 'आपसूक नाद' बरा वाटतो मला.

आणि एक कळकळीची विनंती, रिपोर्टवरच्या 'रेफर'चं 'नापास' कुणी करू नका. कानात जन्मावेळचं पाणी राहिलं किंवा बाळ रडत असलं तरी हुंकार टिपला जात नाही. 'पुन्हा तपासणी' लिहा, आणि ती नक्की करून घ्या.